गारवा हवा, ओल नको : चेन्नईतील जुन्या घरांची उष्णतारोधक दुरुस्ती आणि कीटकांचा विचार

३१ मे २००३ रोजी चेन्नईच्या नुंगमबाक्कम वेधशाळेत ४५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. इतके तापमान क्वचितच अनुभवास येते. तथापि मे महिन्यात दुपारी ३७ अंशांच्या आसपास आणि रात्री २८ अंशांच्या आसपास तापमान, त्याला समुद्रावरून येणाऱ्या आर्द्रतेची जोड, ही या शहराची नित्याची स्थिती आहे. अशा हवेत दिवसभर तापलेले छप्पर रात्री उशिरापर्यंत घरात उष्णता सोडत राहते. वृद्ध, लहान मुले आणि दिवसभर उन्हात श्रम करणारे कामगार यांना विश्रांती मिळण्याची जी वेळ, तीच सर्वांत त्रासाची ठरते.

थंड प्रदेशांत जुन्या घरांची ऊर्जासक्षम दुरुस्ती करतात ती आतील ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. चेन्नईत विज्ञान तेच, पण दिशा उलट. येथे बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नसते. शिवाय येथे आणखी एक घटक सतत हजर असतो, तो म्हणजे ओलावा. उष्णता अडविताना ओलावा कोंडला गेला, तर लाकूड, साठविलेले धान्य, पुस्तके आणि माणसांचे आरोग्य या सर्वांना कीटकांचा उपद्रव होतो. म्हणून घर थंड करण्याचा प्रत्येक उपाय कीटकशास्त्राच्या कसोटीवरही तपासून घेणे आवश्यक आहे. कोकण किनारपट्टीचे हवामान चेन्नईप्रमाणेच उष्ण व दमट असल्याने महाराष्ट्रातील वाचकांनाही हा विषय जवळचा आहे.

जुन्या छपराची रचना

मैलापूर, तिरुवल्लिकेणी, जॉर्ज टाउन या चेन्नईच्या जुन्या भागांतील अनेक घरांचे छप्पर 'मद्रास टेरेस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे आहे. यात भिंतींवर सागवानी कड्या ठराविक अंतरावर टाकतात. त्यांवर पातळ, लहान आकाराच्या भाजक्या विटा चुन्याच्या मसाल्यात उभ्या व तिरप्या ओळींनी बसवितात. त्यावर विटांचे तुकडे व चुना यांचा थर देऊन तो दिवसेंदिवस चोपतात आणि शेवटी पाणी वाहून जाईल असा उतार देऊन चपट्या मातीच्या फरशा चुन्यात बसवितात. चुन्याच्या मसाल्यात गूळ व हिरड्याचे पाणी घालण्याची परंपरा तामिळनाडूत दीर्घकाळ चालत आली आहे.

मराठवाडा व सोलापूर भागातील माळवदाची किंवा खानदेशातील धाब्याची घरे पाहिलेल्या वाचकांना ही रचना अपरिचित वाटणार नाही. खाली लाकडाच्या तुळया व कडीपाट आणि वर उष्णता हळूहळू झिरपू देणारा जाड थर, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे. तामिळ घरातील 'तिण्णै' म्हणजे आपली ओसरी आणि 'मुत्रम' म्हणजे आपला चौक. चौकातून गरम हवा वर निघून जाते आणि ओसरीमुळे दर्शनी भिंतीवर थेट ऊन पडत नाही.

या घरांची अडचण मूळ रचनेपेक्षा नंतर झालेल्या बदलांत अधिक आहे. गळणाऱ्या गच्चीवर सिमेंटचा थर दिला जातो, चौक पत्र्याने झाकला जातो, ओसरी बंद करून खोली काढली जाते आणि मग वाढलेल्या उकाड्यावर वातानुकूलन यंत्र बसविले जाते. चुना सच्छिद्र असल्याने शोषलेला ओलावा बाहेर सोडतो. घट्ट सिमेंटचा थर तो आत कोंडतो आणि ही ओल अखेरीस लाकडी कड्यांपर्यंत पोहोचते.

उष्णता कोठून येते

एकमजली घरात सर्वाधिक उष्णता छपरातून येते. स्वच्छ आकाशात भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १ किलोवॅट सौर ऊर्जा पडते. म्हणजे ५० चौरस मीटरच्या गच्चीवर ५० किलोवॅट. काळवंडलेल्या गच्चीने त्यातील ७० टक्के ऊर्जा शोषली तर ३५ किलोवॅट उष्णता छपरात मुरते. तीच गच्ची पांढरी असून केवळ ३० टक्के ऊर्जा शोषत असेल, तर हा आकडा १५ किलोवॅटवर येतो. यातील काही उष्णता वाऱ्याने व आकाशाकडे होणाऱ्या उत्सर्जनाने निघून जाते, उरलेली घरात उतरते.

भिंतींच्या बाबतीत सूर्याचा मार्ग लक्षात घ्यावा लागतो. चेन्नई सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने तेथे शून्य सावलीचा दिवस एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात येतो. या दोन दिवसांच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिण भिंतीपेक्षा उत्तर भिंतीवर ऊन अधिक येते. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन मात्र पूर्व व पश्चिम भिंतींवर पडते आणि आडवा छज्जा ते अडवू शकत नाही. त्यासाठी उभ्या पट्ट्या, तट्ट्या, पडदे किंवा झाडे लागतात.

छपराची दुरुस्ती : पहिला क्रम गळतीला

पांढरा रंग लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय असला तरी तो पहिला नव्हे. आधी गळती थांबवावी. फुटलेल्या फरशा, बुजलेल्या पन्हळी, कठड्याच्या सांध्यात उगवलेली पिंपळाची रोपे आणि उलटा उतार तपासून घ्यावा. मद्रास टेरेसची दुरुस्ती चुन्यानेच करणे इष्ट असते. कड्यांची भारक्षमता स्थापत्य अभियंत्याकडून तपासल्याशिवाय गच्चीवर मातीचे वाफे, पाण्याची अतिरिक्त टाकी किंवा जाड काँक्रीट यांचा भार टाकू नये.

गच्ची कोरडी झाल्यावर परावर्तक थर द्यावा. ताजी चुन्याची सफेदी सौर ऊर्जेचा मोठा भाग परत पाठविते. धूळ व शेवाळ यांमुळे हा गुण घटतो, म्हणून दरवर्षी गच्ची धुऊन सफेदीचा नवा हात देणे आवश्यक असते. तामिळनाडूत २००३ पासून इमारतींना पर्जन्यजल संकलन बंधनकारक आहे. गच्चीचे पाणी साठवणीच्या हौदात जात असेल, तर निवडलेला लेप त्या वापरास योग्य असल्याची खात्री करून घ्यावी आणि पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडावे.

काँक्रीटच्या स्लॅबची घरे अधिक तापतात. तामिळनाडूत अशा स्लॅबवर विटांचे तुकडे व चुना यांचा थर देऊन वर मातीच्या फरशा बसविण्याची पद्धत रूढ आहे. महाराष्ट्रातील विटांच्या तुकड्यांचा कोबा याच जातीचा उपाय होय. याहून अधिक रोधन हवे असल्यास स्लॅबच्या वरच्या बाजूस उष्णतारोधक फोमच्या पट्ट्या टाकून त्यावर जलरोधक थर व फरशी बसवितात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' प्रसिद्ध केली. तीत छपरातून होणाऱ्या उष्णतावहनाची कमाल मर्यादा दर चौरस मीटरला, दर अंश तापमानफरकामागे १.२ वॅट ठेवली आहे. उघड्या काँक्रीट स्लॅबचे मूल्य याच्या दुपटीहून अधिक असते. ही संहिता नव्या बांधकामासाठी असली, तरी जुन्या घराची दुरुस्ती कितपत पुरेशी आहे हे जोखण्यास तिचा मापदंड म्हणून उपयोग होतो.

कड्यांची टोके आणि वाळवी

सागाच्या गाभ्याचे लाकूड वाळवीस बऱ्यापैकी दाद देत नाही, परंतु बाहेरील पांढुरके रसकाष्ठ व दुरुस्तीत वापरलेले हलक्या प्रतीचे लाकूड सहज बळी पडते. जमिनीतून येणारी वाळवी उघड्या हवेत लवकर सुकते, म्हणून ती मातीच्या नळ्या बांधून प्रवास करते. तिला सतत ओलावा लागतो. 'कॉप्टोटर्मिस' गटातील वाळवीला गळक्या छपरात कायमचा ओलावा मिळाला, तर जमिनीशी संबंध न ठेवताही ती वरच वसाहत करू शकते. याचा अर्थ असा की, गळती बंद करणे हा उष्णतेवरचा उपाय आहे तितकाच वाळवीवरचाही आहे.

किनारपट्टीवर आढळणारी कोरड्या लाकडातील वाळवी मात्र मातीच्या नळ्या बांधत नाही. तिचे अस्तित्व कड्यांखाली पडलेल्या, बारीक बियांसारख्या, सहा कडांच्या विष्ठाकणांवरून ओळखता येते. भुशासारखी पीठमय पूड दिसल्यास लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचा संशय घ्यावा. उपाय निवडण्यापूर्वी ही ओळख पटविणे महत्त्वाचे आहे, कारण जमिनीत केलेल्या उपचाराचा कोरड्या लाकडातील वाळवीवर परिणाम होत नाही.

भिंतीत गाडलेली कड्यांची टोके ही सर्वाधिक धोक्याची जागा असते. दुरुस्तीच्या वेळी ही टोके उघडून टोकदार हत्याराने टोचून पाहावीत, लाकूड पोकळ लागल्यास तो भाग बदलावा आणि नव्या लाकडाला बोरॉनयुक्त संरक्षक द्रावण द्यावे. टोकांभोवती हवा खेळण्याइतकी फट ठेवावी. बांधून झालेल्या इमारतींतील वाळवी नियंत्रणासाठी भारतीय मानक ६३१३ चा तिसरा भाग उपलब्ध आहे. त्यानुसार काम प्रशिक्षित व परवानाधारक व्यक्तीकडूनच करून घ्यावे. चेन्नईतील जुन्या घरांच्या अंगणात विहीर व पाण्याचा हौद असतो. त्यांच्या लगत कीटकनाशक जमिनीत सोडणे टाळलेच पाहिजे.

आतल्या बाजूचे रोधन : एक सामान्य चूक

गच्चीवर काम करणे खर्चिक वाटल्याने अनेक ठिकाणी छताच्या खालच्या बाजूस थर्मोकोल किंवा जिप्समचे खोटे छत बसविले जाते. उष्ण-दमट हवेत पाण्याची वाफ बाहेरून थंड खोलीकडे सरकते. वातानुकूलित खोलीत ती खोट्या छताच्या मागे गार पृष्ठभागावर साचते. थंड देशांत वाफ अडविणारा थर भिंतीच्या आतील बाजूस देतात, कारण तेथे उबदार बाजू आतली असते. चेन्नईत उबदार बाजू बाहेरची आहे, म्हणून रोधन व वाफरोधक थर दोन्ही बाहेरून देणे योग्य ठरते. परदेशातील पुस्तिका जशीच्या तशी वापरल्यास नेमकी येथेच चूक होते.

अशा बंदिस्त, ओलसर पोकळीत बुरशी वाढते आणि बुरशीवर उपजीविका करणाऱ्या पुस्तकी उवा दिसू लागतात. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांपेक्षा कमी ठेवल्यास त्यांची वाढ खुंटते. चंदेरी कसरही याच वातावरणात फोफावते. वाळवी थर्मोकोल खात नाही, पण त्यातून बोगदे काढून लाकडापर्यंत पोहोचते आणि खोट्या छतामुळे ती दिसतही नाही. जुन्या लाकडी छताखाली खोटे छत करणे अपरिहार्यच असल्यास पाहणीसाठी उघडता येणारी झडप व हवेसाठी झरोके ठेवावेत.

वारा, जाळी आणि चौक

उन्हाळ्यात चेन्नईत दुपारच्या सुमारास पूर्वेकडून सागरी वारे येतात आणि त्यांना उशीर झाला की उकाडा वाढतो. या वाऱ्याचा लाभ घेण्यासाठी पूर्वेकडील खिडकीसमोर पश्चिमेस किंवा वरच्या बाजूस हवा बाहेर जाण्याचा मार्ग हवा. बुजविलेले झरोके पुन्हा उघडणे, झाकलेल्या चौकावरील पत्रा भिंतींपासून वर उचलून चारही बाजूंनी जाळीदार फट ठेवणे, ही अल्पखर्चाची कामे मोठा फरक घडवितात.

डासांसाठी खिडक्यांना जाळी आवश्यकच आहे, परंतु जाळीमुळे वाऱ्याचा वेग घटतो. म्हणून जाळी काढण्याऐवजी उघडणारे क्षेत्र वाढवावे, जाळी दरमहा धुवावी आणि छताचा पंखा वापरावा. सावलीसाठी बांबूच्या तट्ट्या वापरताना बांबू बोरॉनच्या द्रावणाने प्रक्रिया केलेला असावा, अन्यथा बांबूतील पिष्टावर जगणारे भुंगेरे एक-दोन हंगामांत त्याचा भुसा करतात.

पाण्याने गारवा आणि डासांचा धोका

ओली पोती, वाळ्याचे पडदे आणि वाळवंटी कूलर हे उपाय बाष्पीभवनावर चालतात. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ते उत्तम काम देतात. चेन्नई किंवा कोकणच्या दमट हवेत मात्र बाष्पीभवन मंद असल्याने थंडावा कमी मिळतो आणि आर्द्रता तेवढी वाढते.

डेंग्यूचा प्रसार करणारा 'एडिस इजिप्ती' डास कूलरची टाकी, कुंड्यांखालील थाळ्या व गच्चीवरील टाकाऊ भांडी यांत अंडी घालतो. उबदार हवेत अंड्यापासून प्रौढ डास होण्यास सात ते दहा दिवस पुरतात आणि त्याची अंडी पाण्याविना कित्येक महिने तग धरतात. म्हणून केवळ पाणी ओतून टाकणे पुरेसे नाही, भांड्याच्या कडा घासून आठवड्यातून एक दिवस ते कोरडे ठेवणे आवश्यक आहे. शहरी हिवतापाचा वाहक 'ॲनाफिलीस स्टीफेन्सी' विहिरी व गच्चीवरील टाक्यांत वाढतो. टाकीचे झाकण घट्ट असावे आणि हवा व सांडीच्या नळ्यांना बारीक जाळी बांधावी. तामिळनाडूत गच्चीवर मातीची मडकी पालथी मांडून हवेचा थर निर्माण करण्याची पद्धत आहे. त्यातील फुटलेल्या मडक्यांत पाणी साचत नाही ना, विंचू व उंदीर आसरा घेत नाहीत ना, हे पावसापूर्वी पाहावे.

घर थंड झाले, धान्याचे काय?

घरातील तापमान ३६ अंशांवरून ३१ अंशांवर आणणे हे माणसाच्या दृष्टीने मोठे यश आहे. परंतु तांदळातील सोंड्या किडीसही ३० अंशांच्या आसपासचे तापमान सर्वांत अनुकूल असते. या तापमानात व पुरेशा आर्द्रतेत तिची एक पिढी चार ते पाच आठवड्यांत पूर्ण होते. ३५ अंशांवर तिची वाढ जवळजवळ थांबते. याचा अर्थ घर तापते ठेवावे असा नव्हे. पिठातील तांबडे भुंगेरे अधिक तापमानातही आनंदाने वाढतात, शिवाय धान्यासाठी माणसाने उकाडा सोसावा हे योग्य नाही. घर थंड केल्यावर धान्याचे रक्षण उष्णतेवर न सोडता कोरडेपणावर सोपवावे, एवढाच त्यातील बोध.

तृणधान्ये १२ टक्क्यांहून कमी ओलाव्यापर्यंत वाळवून, थंड झाल्यावर हवाबंद कोठीत भरावीत. पोती असल्यास ती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवावीत. वातानुकूलित खोलीला लागून असलेल्या भिंतीवर दुसऱ्या बाजूने पाणी सुटत असेल, तर तेथे धान्य ठेवू नये.

विजेचा हिशेब

जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर ब्रशविरहित मोटरचा नवा पंखा सुमारे ३० वॅट. दररोज १५ तास व वर्षाकाठी ३०० दिवस वापर धरल्यास एका पंख्यामागे सुमारे २०० युनिट आणि चार पंख्यांमागे सुमारे ८०० युनिट वाचतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना तारांकन सक्तीचे झाले असल्याने निवड सोपी झाली आहे.

वातानुकूलन यंत्राचा विचार छप्पर, सावली व पंखे यांनंतर करावा. १ जानेवारी २०२० पासून विकल्या जाणाऱ्या खोलीच्या यंत्रांत २४ अंश हे आरंभीचे तापमान निश्चित केलेले असते. ब्युरोच्या अंदाजानुसार तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. पंखा सोबत चालविल्यास २६ ते २७ अंशांतही शांत झोप लागते आणि भिंतींवर दव धरण्याचे प्रमाण घटते. यंत्रातून निघणाऱ्या पाण्याची नळी भिंतीलगत सोडू नये. वाळवीच्या नळ्या वर चढण्यास तेवढी ओल पुरते.

कामाचा क्रम

विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील जुन्या घराची पाहणी करताना पुढील क्रम ठेवल्यास खर्च वाया जात नाही.

१. गळती, पन्हळी व उतार यांची दुरुस्ती.
२. कड्या, चौकटी व जोते यांची वाळवीसाठी पाहणी आणि आवश्यक तेथेच उपचार.
३. छपरावर पांढरा परावर्तक थर. ऐपत असल्यास वरून रोधन.
४. पूर्व व पश्चिम भिंतींना सावली.
५. झरोके व चौक मोकळे करणे, खिडक्यांना जाळी.
६. कमी विजेचे पंखे. त्यानंतरही गरज उरल्यास वातानुकूलन.
७. पाण्याच्या टाक्या व धान्यकोठ्या यांची नियमित तपासणी.

वेळेचे भानही आवश्यक आहे. चेन्नईत पावसाचा मोठा भाग ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. त्यामुळे चुन्याची कामे जानेवारी ते मार्चमध्ये करणे सोयीचे असते. चुना हळूहळू घट्ट होतो, त्याला बरेच दिवस पाणी मारावे लागते आणि कडक ऊन त्यास मानवत नाही. महाराष्ट्रात हाच हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतो. जूनच्या पहिल्या सरींनंतर घराजवळ पंखांची वाळवी उडताना दिसल्यास ती कोठून निघाली याची नोंद ठेवावी. पुढच्या दुरुस्तीची सुरुवात त्याच जागेपासून करता येते.

रत्नागिरीचे कौलारू घर, सोलापूरचे माळवद आणि मैलापूरचे मद्रास टेरेस यांचे साहित्य भिन्न असले, तरी तिन्ही घरांच्या मालकाला एकच प्रश्न विचारता येतो: या उपायाने घरात येणारी उष्णता कमी होईल काय, आणि आलेली ओल बाहेर पडण्याची वाट उघडी राहील काय? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तरच त्या उपायावर पैसा खर्च करावा.